हातचं की पळतं

२५ एप्रिल

हरलो. बास्केटबॉलच्या बाद सामन्यांत पहिल्याच फेरीत बाहेर, तेही घरच्या मैदानावर. आम्ही चौदा गुण केले आणि त्यांच्या त्या उंचाड्या स्टारला शेवटच्या क्वार्टरमध्ये डोकं वर काढू दिलं नाही, पण बाकीच्यांनी माती खाल्ली. आम्ही म्हणजे टे. मी रोज सकाळी त्याच्या सरावाला उभा असतो, चेंडू परत फेकतो, खांदा कुठे पडतोय ते सांगतो. तेव्हा त्या चौदांत दोनचार माझे धरायला कोणाची हरकत नसावी.

आजपासून हे लिहायला घेतलंय. उद्या कोणीतरी टेव्हियन क्रचफील्डवर पुस्तक लिहील, तेव्हा खरं काय घडलं ते सांगणारा माणूस लागेल. मी रूझवेल्ट क्रचफील्ड, त्याचा थोरला भाऊ. सगळे वेल्ट म्हणतात. वडील गेले तेव्हा टे नुकता शाळेत जायला लागला होता. हॅटिसबर्गच्या कोंबड्यांच्या कारखान्यात मी पाळ्या केल्या म्हणून त्याच्या पायांत धड बूट आले. हे मी कधी बोलून दाखवत नाही. लिहून ठेवतो, एवढंच.

यंदाचा उन्हाळा साधा नाही. टेच्या करारात एक वर्ष उरलंय आणि ते घ्यायचं की सोडायचं हे त्याच्या हातात आहे. २९ जूनच्या संध्याकाळी पाचच्या आत ‘घेतो’ असं क्लबला कळवलं, तर आणखी एक वर्ष लुइव्हिलमध्ये, ठरलेल्या पैशात. नाही कळवलं, तर मोकळा खेळाडू. मग ज्या क्लबला हवा तो घेईल, आणि कोणालाच नको असला तर घरी बसायचं. माझं मत पहिल्या दिवसापासून एकच आहे. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये.

३ मे

डर्बीचा, घोड्यांच्या मोठ्या शर्यतीचा दिवस. अख्खं शहर डोक्यावर टोप्या घालून घोडे बघायला गेलं. टेही गेला, कॅमिलला घेऊन. कॅमिल त्याची मैत्रीण, इथल्या शाळेत संगीत शिकवते. दीड वर्षापूर्वी ओळख झाली आणि आता फ्रिजमध्ये काय असावं हेही ती ठरवते. कानामागून आली आणि तिखट झाली.

मी घरीच थांबलो. टेच्या शेवटच्या सामन्याचं चित्रण पुन्हा पाहिलं. डावीकडे वळताना तो हल्ली अर्धा क्षण उशीर करतो. एकोणतीस वय म्हणजे या खेळात पिकलेलं वय. हे बाहेरच्या क्लबांना दिसत नसेल असं थोडंच आहे?

७ मे

शिकागोहून सिमोन आली होती. ती टेची एजंट. बाई हुशार आहे, पण बोलते अशी की समोरचे सगळे बिनडोक.

तिने आणलेली बातमी मात्र झकास. क्लबला धास्ती आहे की टे जाईल. म्हणून ते उरलेलं वर्ष मोडून तीन वर्षांचा नवा करार द्यायच्या विचारात आहेत. तीन वर्षं! टेचा गुडघा टेबलाखाली हलायचा थांबला. लहानपणापासून त्याला आनंद झाला की असंच होतं.

सिमोन म्हणाली, “त्यांना भीती आहे तोवर आपला भाव आहे. ती भीती घालवायची नाही. जून संपेपर्यंत कोणाशी एक अक्षर बोलायचं नाही. केस कापणाऱ्याशीसुद्धा नाही. चर्चमध्ये कोणी विचारलं तर हवापाण्याचं बोला.”

हे बोलताना ती माझ्याकडे बघत होती. पण मला कळलं ते. कॅमिल शेजारीच बसली होती, तिला तोंडावर कसं सांगणार?

२० मे

दुपारी कोच पर्व्हिसचा फोन आला. कॉलेजात त्यांनी टेला घडवलं. म्हातारबुवांचा आवाज अजून तसाच, बादलीत दगड टाकल्यासारखा.

“वेल्ट, बाळा, परवा सिॲटलला गेलो होतो जुन्या मित्रांकडे. तिकडे पाऊस थांबलाय म्हणतात. तुझ्या भावाला ती हवा मानवेल.”

“तिकडे कायम पाऊस असतो, कोच.”

“यंदा थांबलाय, असं तिथले लोक मुद्दाम सांगत होते. टेच्या कानावर घाल. त्याला कसं वाटतं ते मला कळव, म्हणजे मी त्यांना कळवीन.”

आता हे नवख्याला समजायचं नाही. दुसऱ्या क्लबांनी ३० जूनच्या संध्याकाळपर्यंत आमच्या खेळाडूशी बोलायचं नाही, असा कडक नियम आहे. म्हणून निरोप फिरतात ते असे, जुन्या कोचकडून, मावशीकडून, मालिश करणाऱ्याकडून, आणि बोलणं कायम हवेचं, मासेमारीचं नाहीतर शाळांचं. मला ही भाषा पाठ आहे. सिॲटलला टे हवाय.

टेला सांगितलं नाही. इथे तीन वर्षं मिळत असताना पोराच्या डोक्याला आणखी एक भुंगा कशाला? आणि सिॲटल म्हणजे नकाशाचं दुसरं टोक. तिथे आम्हांला कोण ओळखतं? इथे मी रस्त्याने चाललो तरी लोक गाडीची काच खाली करून विचारतात, “वेल्ट, पोरगा काय म्हणतोय?”

२९ मे

आजचा दिवस मोठा.

वॉर्ड हॅलिगन यांनी स्वतः फोन करून मला जेवायला बोलावलं. हॅलिगन म्हणजे आमच्या क्लबचे सर्वेसर्वा, कोणाला घ्यायचं, कोणाला विकायचं ते तेच ठरवतात. टेला नाही, सिमोनला नाही, मला! आणि कुठल्या झगमगाटी ठिकाणी नाही. वेस्ट एंडच्या तळलेल्या माशांच्या टपरीवर, कागदावर मासा, ओल्या हाताने खायचा. मोठा माणूस असा ओळखावा.

तासभर खेळावर बोलले. मला विचारलं, या वर्षीच्या कॉलेजच्या पोरांत कोण चांगला. मी चारपाच जणांचं सांगितलं. ते ऐकत होते. या धंद्यात माझं बोलणं एवढा वेळ कोणी ऐकलं नव्हतं. मग ते म्हणाले, “वेल्ट, तुमच्यासारखी नजर आमच्या पगारी माणसांकडे नाही. दक्षिणेतली पोरं हेरायला मला एक माणूस हवाय. तुम्ही विचार करा. अर्थात टे इथे असेल तरच तुम्ही इथे असाल, नाही का?”

मी म्हटलं, “टे कुठे जातोय?”

“लोक म्हणतात जाईल.”

“लोकांना काय कळतंय, मिस्टर हॅलिगन? त्या पोराने माझ्याशिवाय आजवर बूटसुद्धा घेतला नाही. मी म्हणेन तिथे तो सही करतो. आणि मी लुइव्हिल सोडत नाही.”

हॅलिगन हसले. आणखी एक मासा मागवला. आईची विचारपूस केली, टेची झोप, जेवण सगळं विचारलं. निघताना दोन्ही हातांनी माझा हात धरला.

हे टेला इतक्यात सांगायचं नाही असं ठरवलंय. सगळं जमून आलं की एकदम सांगीन, म्हणजे त्याला कळेल की थोरला भाऊ नुसता चेंडू फेकायला नव्हता.

२ जून

झोप नीट लागत नाही, पण आनंदाने. खेळाडू निरीक्षक, रूझवेल्ट क्रचफील्ड. बरं वाटतं ऐकायला.

९ जून

सगळं फिसकटलं.

सकाळी सिमोनचा फोन. टेने स्पीकरवर लावला. ती म्हणाली, “तीन वर्षांचं बोलणं त्यांनी बंद केलंय. कालपर्यंत रोज फोन करत होते, आता म्हणतात, टेने ते एक वर्ष घ्यावं, पुढचं पुढे बघू.”

टे म्हणाला, “म्हणजे माझा खेळ बघून त्यांचं मत फिरलं?”

“खेळ मेपासून तोच आहे. फिरलंय ते एवढंच की त्यांना आता भीती उरलेली नाही. तू जाणार नाहीस हे त्यांना कोणीतरी सांगितलंय. आणि सांगणारा असा आहे की त्यांनी लगेच विश्वास ठेवला.”

माझ्या अंगाची लाही झाली. मी ओरडलो, “कोण आहे तो घरचा भेदी?”

 टेने फोन बंद केला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. मी त्याला म्हटलं, “तू काळजी करू नकोस. मी शोधून काढतो.”

तो म्हणाला, “राहू दे, वेल्ट.”

राहू दे कसं? पोराच्या तोंडचा घास काढलाय कोणीतरी.

१२ जून

मालिशवाला नाही, तो महिनाभर आजारी आहे. केस कापणाऱ्या ओटिसला मी उलटसुलट विचारलं. तो म्हणाला, “वेल्ट, माझ्या दुकानात त्या विषयावर बोलणारा एकच माणूस येतो, आणि तो आत्ता खुर्चीत बसलाय.” थट्टा करायची वेळ आहे का ही?

शिल्लक राहिलं एकच नाव. लिहायला हात धजत नाही, पण कॅमिलच्या शाळेच्या विश्वस्तांत क्लबच्या कोणाची तरी बायको आहे. तिची आई आजारी असते, तिला लुइव्हिल सोडवत नाही. टे इथेच राहणार असं ती कुठे बोलून गेली असेल तर? राहायला तर तिला हवंच असणार. जिचा फायदा, तिचंच काम.

१९ जून

जूनटीन्थ, गुलामगिरी संपल्याचा सण. दरवर्षीप्रमाणे अंगणात शेगडी पेटवली, बरगड्या भाजल्या, लाल सरबत केलं. शेजारपाजारचे, चर्चमधले सगळे आले. मी ठरवलं होतं की आज काही काढायचं नाही. पण कॅमिल हसत हसत सगळ्यांना वाढत होती, ते मला बघवेना.

शेगडीपाशी तिला गाठून म्हटलं, “हॅलिगनपर्यंत काय पोचवलंस तू?”

ती चिमटा हातात घेऊन तशीच उभी राहिली. “काय म्हणालास?”

“टे जाणार नाही, हे तूच सांगितलंस. तुला इथे राहायचंय म्हणून त्याची तीन वर्षं घालवलीस.”

तिने मांस उलटलं. घाई केली नाही. मग म्हणाली, “मला इथे राहायचंय हे तुला कोणी सांगितलं, वेल्ट? तू मला कधी विचारलंस?”

“विषय बदलू नकोस.”

“बरं, नाही बदलत. मेच्या शेवटी तू एकदा पिशवीभर तळलेला मासा घेऊन आला होतास. दोन दिवस घरात वास होता. कोणाबरोबर गेला होतास तू?”

मी म्हटलं, “तो विषय वेगळा.”

तिने चिमटा माझ्या हातात दिला आणि आत गेली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! पण पाहुण्यांपैकी कोणीच नंतर माझ्याशी फारसं बोललं नाही. बरगड्या करपल्या.

२० जून

सरावाला गेलो.  टे पाणी प्यायला थांबला तेव्हा म्हणाला, “तू हॅलिगनबरोबर जेवलास?”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सगळं सांगितलं. नोकरीचं, माझ्या नजरेचं त्यांनी केलेलं कौतुक. म्हटलं, “तुला चकित करणार होतो.”

“मी जाणार का, असं त्यांनी विचारलं?”

“विचारणारच ना. मी त्यांना चांगलं ठणकावलं. म्हटलं, लोकांना काय कळतंय.”

टे माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही. आमचा जुना कुत्रा गेला तेव्हा, हा लहान असताना, असा बघत होता. मग त्याने टॉवेल तोंडावर घेतला. मी विचारलं, “कॅमिलने मला काय काय सुनावलं ते ऐकलंस का?” म्हणाला, “तिला काही बोलू नकोस, वेल्ट. माझ्यासाठी.”

प्रेम आंधळं असतं म्हणतात ते हेच.

२५ जून

नव्या पोरांची निवड होती आज. हॅलिगननी आपल्या पहिल्या पाळीला कोणाला उचललं? टेच्याच जागेवर खेळणारा एकोणीस वर्षांचा पोरगा. मासे खाताना मीच त्याचं नाव पहिलं घेतलं होतं! म्हणजे माझ्या शब्दाला तिथे वजन आहे. पण टेकडे बघून ते बोलवेना.

सिमोनने फोनवर सरळ मांडलं. “टे, वर्ष घेतलंस तर पैसे पक्के, पण अर्धा मोसम त्या पोराच्या मागे बाकावर बसशील. पुढच्या उन्हाळ्यात तू तिशीचा आणि बाकावरचा. तेव्हा कोणी विचारणार नाही. सोडलंस तर यंदा बाजारात तुझ्यासारखे सहा जण आहेत. कदाचित चांगलं काही मिळेल. कदाचित काहीच मिळणार नाही. माझ्याकडे आज एकाही क्लबचा इशारा नाही, याचं मला नवल वाटतंय. एखादा तरी यायला हवा होता.”

 पाऊस थांबल्याचं तेवढं मनात आलं, पण ते एक महिन्यापूर्वीचं. आता सांगितलं तर टे विचारेल, तेव्हाच का नाही सांगितलंस? आणि हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायला पोराला आणखी निमित्त मिळेल. नकोच.



२७ जून

हॅटिसबर्गहून आईचा फोन. मी म्हटलं, “तू सांग त्याला. तुझं ऐकेल. वर्ष घे म्हणावं.”

आई म्हणाली, “त्याचं त्याला ठरवू दे की, रूझवेल्ट.”

“आजवर कोणी ठरवलं? मीच ना?”

“हो,” ती म्हणाली. “म्हणूनच म्हणते.”

म्हातारी माणसं हल्ली कोड्यात बोलतात.

२९ जून

जसं झालं तसं लिहितो.

टे म्हणाला, “जिममध्ये जाऊ. तू आणि मी.” रविवार, जिम रिकामी. तो कोपऱ्यातून चेंडू टाकत होता, मी नेहमीसारखा बास्केटखाली उभा राहून परत देत होतो. त्याचा फोन बाकावर. भिंतीवरच्या घड्याळात साडेचार वाजले तरी त्याने फोनला हात लावला नाही.

मी म्हटलं, “सिमोनला कळवलंस ना, घेतो म्हणून?”

“नाही.”

“टे, वेडेपणा करू नकोस. हातात पक्कं आहे ते घे. एक वर्ष कसंही निघतं. तो नवा पोरगा कच्चा आहे, डिसेंबरपर्यंत दमेल.”

त्याने एक टाकला, आत गेला. म्हणाला, “वेल्ट, ती हॅलिगनची नोकरी नसती तर काय सांगितलं असतंस?”

“हेच.”

“विचार करून सांग.”

मी विचार केला. खरंच केला.  तरीही मी म्हटलं, “हेच.” तो हसला नाही आणि रागावलाही नाही. चेंडू मागायला हात पुढे केला.

पावणेपाचला माझा धीर सुटला. मी बाकावरचा फोन उचलून सिमोनला लावला. म्हटलं, “कळवून टाक. टे वर्ष घेतोय.”

ती म्हणाली, “मला त्याच्या तोंडून ऐकायचंय.”

“मी सांगतोय ना! इतकी वर्षं मीच सांगत आलोय!”

“त्याला फोन दे, वेल्ट.”

मी मैदानात गेलो. एका हातात फोन, दुसऱ्या हातात चेंडू, काखेत धरलेला. म्हटलं, “टे, पाया पडतो तुझ्या. बोल. दोन शब्द बोल. सगळं सुरक्षित होईल. आईचं, तुझं...” पुढे मी ‘माझं’ म्हणालो की नाही, आठवत नाही.

फोनमधून सिमोनचा आवाज येत होता. “टे? ऐकतोयस ना? मी थांबलेय. सांगशील ते करते.”

तो माझ्यासमोर उभा होता. घाम टिपटिप पडत होता. एवढा मोठा झाला हा कधी, असं उगाच मनात आलं. त्याने मान हलवली. नाही. मग म्हणाला, “चेंडू दे.”

आणि मी दिला. हात आपोआप पुढे गेला, त्याला मी काय करू?

तो टाकत राहिला, मी परत देत राहिलो. पाच वाजून गेले तेव्हा फोन माझ्या मुठीत तसाच चालू होता. सिमोन एवढंच म्हणाली, “बरं. मोकळा झाला.”

३० जून

हॅलिगनना फोन केला, माझ्या नोकरीचं काय म्हणून. मीटिंगमध्ये आहेत.

संध्याकाळी सहाला बाजार उघडला. टीव्हीवर नावं धडाधड येत होती, अमुक इकडे, तमुक तिकडे. टे जमिनीवर बसला होता, कॅमिल त्याच्या मागे सोफ्यावर, तिचा हात त्याच्या डोक्यावर. फोन मध्ये ठेवलेला. सिमोनने सांगितलेल्या सहा जणांपैकी दोघांचं लागलं. मग तिसऱ्याचं. आमचा फोन एकदा वाजला, तो आईचा.

मला त्याला खूप काही सांगावंसं वाटलं. म्हटलं होतं ना मी! पण त्याचं तोंड बघून मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली.

१ जुलै

चौथ्याचं लागलं. पाचव्याचंही.

टे जेवला नाही. दुपारी मला म्हणाला, “कदाचित तुझंच बरोबर होतं.” इतके दिवस हे ऐकायला कान आसुसले होते, आणि ऐकल्यावर ते नकोसं झालं. मी म्हटलं, “येईल रे फोन.” मी असं म्हणेन असं मला वाटलं नव्हतं.

चार वाजता कोच पर्व्हिसचा फोन आला. टे बोलायला अंगणात गेला. खिडकीतून दिसत होता. आधी येरझाऱ्या घालत होता, मग एकाएकी थांबला. वळून घराकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग फोनवर काहीतरी भराभर बोलला, आणि लगेच सिमोनला फोन लावला.

आत आल्यावर मी विचारलं, “काय म्हणत होते कोच?”

“पावसाचं बोलत होते,” तो म्हणाला.

 एवढंच. माझ्या खांद्यावर हात ठेवून वर गेला. म्हणजे कोचना मेमधलं आठवत नसणार. म्हातारे झालेत.

२ जुलै

सिॲटल! दोन वर्षांचा करार. दर वर्षाचे पैसे इथल्यापेक्षा कमी, पण खेळायला मिळेल असं त्यांच्या कोचने स्वतः सांगितलं. सिमोन म्हणाली, “थोडक्यात हुकणार होतं. त्यांना वाटत होतं टेला तिकडे यायचंच नाही. कधीच उत्तर आलं नाही म्हणे.” कसलं उत्तर ते तिने सांगितलं नाही, टेनेही विचारलं नाही.

कॅमिल रडली. टे लहानपणी नाचायचा तसा नाचला, गुडघे वर करून. मीही नाचलो. माझं पोरगं घरी बसणार नाही, यापुढे बाकी सगळं गेलं खड्ड्यात.

४ जुलै

आज कळलं. भेदी कोण ते कळलं.

बाहेर फटाके वाजत होते. आई फोनवर होती, स्पीकरवर, सगळे बसलो होतो. तिनेच विचारलं, “पण त्या हॅलिगनला आधी कोणी सांगितलं होतं रे, टे जाणार नाही म्हणून? चर्चमध्ये लोक विचारतात.”

मी कॅमिलकडे बघायचं टाळलं. तेवढ्यात टे म्हणाला, “मीच, आई.”

“तू?”

“एकदा सरावानंतर गप्पा मारताना बोलून गेलो. माझीच चूक. लोकांना तसंच सांग.”

माझा विश्वास बसेना. मी महिनाभर जंग जंग पछाडलं, ओटिसशी वाकडं घेतलं, कॅमिलवर नको ते आरोप केले, आणि हा शहाणा सगळं माहीत असून गप्प! मी म्हटलं, “अरे, मग तेव्हाच सांगायचं होतंस!”

“धीर झाला नाही,” तो म्हणाला.

कॅमिल उठून स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेलो. चूक ती चूक. म्हटलं, “मला माफ कर. मला वाटलं तू. टेच्या वतीनेही माफी मागतो.” ती सिंकपाशी पाठमोरी उभी होती. वळली तेव्हा डोळे भरले होते. तिने माझ्या गालावर हात ठेवला आणि म्हणाली, “त्याला जप म्हणतोस ना सगळ्यांना, वेल्ट? तोही तुला जपतो.” भली पोरगी आहे. मी उगाच पाण्यात पाहिलं तिला.

८ जुलै

हॅलिगनच्या ऑफिसातून अखेर एका मुलीचा फोन आला. दक्षिणेसाठी माणूस घ्यायचा त्यांचा विचार सध्या नाही. बजेट कमी असणार. मी तिला म्हटलं, माझं नाव लिहून ठेवा. तिने आडनावाचं स्पेलिंग विचारलं.

१० जुलै

मी बॅगा भरल्या होत्या. दोन माझ्या, एक चेंडूंची. टे दारात उभा राहून बघत होता.

“वेल्ट, सिॲटलला मी आणि कॅमिलच जातोय.”

“हो, मी आठवड्याने येतो. इथलं आवरून.”

“नाही. तू यायचं नाहीस.” त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. “तू मला इथवर आणलंस. कारखान्यात होतास तेव्हा तुझ्या हातांना वास यायचा, तो मला अजून आठवतो. ते मी विसरणार नाही. पण आता चेंडू परत द्यायला मी दुसरं कोणीतरी ठेवीन. तू इथे राहा. हे घर आहेच. शाळेच्या पोरांना शिकव. काहीही कर. तुझं काहीतरी कर.”

 मी त्याच्यासाठी काय केलं नाही? मनात आलं, विचारावं, माझं कुठे चुकलं? पण विचारलं नाही. भीती वाटली. कसली, ते सांगता येत नाही.

१२ जुलै

त्यांना विमानतळावर सोडून आलो. घर फार शांत आहे.

वाटेत मी ठरवलं होतं की मनात किल्मिष ठेवून पोराला पाठवायचं नाही. म्हणून कॅमिल सामान द्यायला पुढे गेल्यावर त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, “टे, हॅलिगनकडे तू जे बोलून गेलास ते गेलास. त्यापायी तीन वर्षं गेली, मला गप्प ठेवलंस, कॅमिलशी माझं भांडण झालं. पण मी मनात काही ठेवलेलं नाही. मी तुला माफ केलं.”

त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा एकदम चुरगळला. एवढा दांडगा गडी, भर विमानतळावर, लोक फोन काढून बघत असताना, माझ्या गळ्यात पडून ढसाढसा रडला. “थँक यू, वेल्ट,” एवढंच म्हणत राहिला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो. इतके दिवस बिचाऱ्याला आतून खात असणार ते.

मला त्याचा राग नाही. चुका सगळ्यांच्याच हातून होतात. आणि थोरला भाऊ म्हटलं की धाकट्याचं एवढं पोटात घालावंच लागतं.